एसईओ (शोधयंत्र अनुकूलन)

गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या निकालांत एखादे संकेतस्थळ जाहिरातीचे पैसे न मोजता वरच्या जागी यावे, म्हणून त्याचा मजकूर, रचना आणि त्याच्याकडे येणारे दुवे यांत केलेल्या सुधारणांना एसईओ म्हणतात. ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’चे हे लघुरूप. ‘शोधयंत्र अनुकूलन’ हा प्रतिशब्द लेखनात दिसतो. या धंद्यातली माणसे बोलताना मात्र एसईओच म्हणतात. निकालांच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ अशा खुणेसह येणाऱ्या जाहिराती यात मोडत नाहीत. त्या जागा लिलावाने विकल्या जातात.

आपण प्रश्न टंकला की शोधयंत्र त्या क्षणी जगभर धावत सुटत नाही. क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पाने आधीच वाचून ठेवतात, त्यांतून पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची बनते, आणि शोध होतो तो या सूचीत. जे पान सूचीतच नाही, त्याला क्रमांक कुठला? कोणती पाने वाचू नयेत हे क्रॉलरला सांगण्यासाठी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही छोटी फाइल असते. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला हा संकेत २०२२ मध्ये अधिकृत इंटरनेट मानक-दस्तऐवज झाला. तिच्यातली एक ओळ सगळे संकेतस्थळ क्रॉलरला बंद करू शकते. बांधकाम चालू असताना लावलेले हे कुलूप उद्‌घाटनानंतर काढायचे राहून जाते, आणि मालक महिनोन्‌महिने कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टंकतील असे शब्द, बदलत बसतो.

एसईओचा इतिहास म्हणजे साक्ष कोणाची मानायची या वादाचा इतिहास. १९९०च्या दशकातली शोधयंत्रे पानाने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर बरीच विसंबून असत. पानाच्या आडपडद्यात ‘कीवर्ड्‌स’ नावाची जागा असे. लोक तिच्यात वाटेल ते शब्द कोंबत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी आपल्या पेजरँक पद्धतीत स्वतःच्या साक्षीऐवजी इतरांची साक्ष महत्त्वाची मानली. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे शिफारस, आणि ज्याला स्वतःला भारी शिफारशी मिळालेल्या, त्याच्या शब्दाला वजन जास्त. शोधनिबंधात एक पूर्वीचा निबंध उद्धृत करतात, त्याच धर्तीवरची ही कल्पना. त्यांनी यासाठी एक मनमौजी वाचक कल्पिला होता. तो दुव्यांवर टिचकी मारत हिंडतो आणि मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. दुवा धरून पुढे जाण्याची त्याची शक्यता साधारणपणे ०.८५ धरतात. १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली ती याच पायावर.

मग साक्षीदारच विकाऊ झाले. एकमेकांना दुवे देण्यापुरती शेकडो संकेतस्थळे उभी राहिली. त्यांना ‘लिंक फार्म’ म्हणतात. २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली: दुवा आहे, पण शिफारस समजू नये. बड्यांनीही वाकडी वाट धरली. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ निकालांतून काढून टाकले, कारण क्रॉलरला शब्दांनी खच्चून भरलेले पान दिसे आणि माणसाला वेगळेच. ती पाने हटवल्यावर काही दिवसांत ते परत आले. २०११ मध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीतल्या ‘पांडा’ नावाच्या बदलाने उथळ, पाट्या टाकल्यासारख्या मजकुरावर वरवंटा फिरवला, तर २०१२ च्या ‘पेंग्विन’ने खोट्या दुव्यांवर. शोधयंत्राला फसवण्याच्या अशा युक्त्यांना ‘ब्लॅक हॅट’ म्हणतात.

नियमातल्या एसईओत चमत्कार फारसा नाही. पानाचे शीर्षक नेमके असावे, एका विषयाचे एक पान असावे, आतली पाने एकमेकांना जोडलेली असावीत. २०१४ पासून सुरक्षित जोडणी आणि २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणे यांनाही गूगल काही वजन देते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही तिची अलीकडची अपेक्षा.

मराठीत प्रश्न लिपीपासूनच सुरू होतो. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टंकला जाई, त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत भलतेच रोमन चिन्ह साठवलेले असे. वाचकाला मराठी, यंत्राला निरर्थक अक्षरांची खिचडी! तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय शोधात सापडत नाही. युनिकोडमध्येही ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला दोन वेगळ्या अक्षरमाळा दिसतात. त्यात विभक्ती: शोधणारा ‘पुणे’ लिहितो, पानावर असते ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’. इथे शब्दाचे मूळ ओळखणे यंत्राच्या भाषाज्ञानावर अवलंबून असते. वाक्याचा संदर्भ समजून घेणारे ‘बर्ट’ हे गूगलचे तंत्र डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून अधिक भाषांच्या शोधात आले, त्यांत मराठी होती.

पानाच्या इंटरनेटवरच्या पत्त्यात देवनागरी चालते, पण दुवा दुसरीकडे चिकटवताना त्याचे अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेले शेपूट होते. एका देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात; नुसत्या ‘पुणे’ची (प, उकार, ण आणि मात्रा अशा चार चिन्हांची) छत्तीस. त्यामुळे बरेच मराठी संपादक शीर्षक देवनागरीत आणि पत्ता रोमनमध्ये ठेवतात. शोधणाऱ्यांतही ‘उकडीचे मोदक’ रोमन लिपीत टंकणारे आहेतच, आणि ते ‘उकडीचे’चे स्पेलिंग आपापल्या मनाने करतात.