फरकातला फरक: योजनेचा गुण सीमेवर मोजता येतो

कर्नाटक सरकारची बायकांना फुकट बस (शक्ती योजना) आणि घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे दोन हजार यांवरून बेळगावात अजून हमरीतुमरी होते. एक जण म्हणतो, योजना आली आणि बायका कामाला बाहेर पडल्या. दुसरा म्हणतो, योजना आली आणि शेताला माणूस मिळेनासं झालं. परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे दोन्ही मेसेज पाठोपाठ आले. दोघांची चूक एकच. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, एवढंच दोघे बघतात.

पोराला ताप आला की गंडा बांधतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि श्रेय गंड्याला जातं. साधा विषाणूचा ताप तेवढ्या दिवसांत आपोआपही उतरतो. गंडा न बांधलेल्या पोरांचं काय झालं, हे विचारल्याशिवाय गंड्याचा गुण कळायचा नाही. योजनांच्या जाहिरातींतले आकडे, सरकार कोणत्याही पक्षाचं असो, बहुतेक वेळा या गंड्याच्याच जातीचे असतात.

पण योजना राज्यभर एकदम लागू होते. मग गंडा न बांधलेलं पोर आणायचं कुठून? आपल्या सीमाभागात ते शेजारीच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र वगळला आणि तो मुंबई राज्यात राहिला. तोवर चंदगड आणि खानापूर एकाच जिल्ह्यात होते. भात तोच, घाटमाथ्याचा पाऊस तोच, सोयरिकी इकडून तिकडे. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या माणसाला आजही मोठी बाजारपेठ म्हणजे बेळगावच. योजना तेवढ्या वेगळ्या: इकडे बंगळूरच्या, तिकडे मुंबईच्या.

आता हिशेब पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. खानापूर बाजूला शंभरातल्या ३० बायका गावाबाहेर मजुरीला जात होत्या, योजनेनंतर ३६ जाऊ लागल्या. वाढ सहाची. चंदगड बाजूला योजना नसतानाही त्याच काळात २८ च्या ३२ झाल्या. वाढ चारची. म्हणजे पाऊस, मजुरीचे दर, काळाचा ओघ यांनी चार वाढल्याच असत्या. योजनेच्या पदरात पडतात त्या उरलेल्या दोनच. याला फरकातला फरक म्हणतात. दोन्ही बाजू सुरुवातीला सारख्या असायची गरज नाही, ३० आणि २८ चालतात. अट एवढीच, की योजना नसती तर दोन्हीकडची रेघ समांतर चालली असती. ही अट थेट सिद्ध करता येत नाही. योजनेच्या आधीची चार-पाच वर्षं रेघा समांतर होत्या का, हे पाहून भरवसा ठरवायचा. म्हणूनच खानापूरला चंदगड, निपाणीला कागल, अथणीला जत अशा जोड्या लावायच्या. अथणीच्या दुष्काळी गावाशी चंदगडची तुलना केली, तर योजनेऐवजी पाऊसच मोजला जाईल.

या रीतीचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण बिहारचं आहे. २००६ मध्ये तिथल्या सरकारनं नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना केली. ही दोन्ही राज्यं २००० पर्यंत एकच होती. पण त्या वर्षांत बिहारमध्ये रस्तेही सुधारले, कायदा-सुव्यवस्थाही सुधारली. त्याचं श्रेय सायकलीला जाऊ नये, म्हणून त्यांनी मुलगेही हिशेबात घेतले. रस्ता सुधारला तर फायदा मुलग्यांनाही होणार, सायकल मात्र मुलींनाच मिळाली. आधी बिहारमध्ये मुलींची वाढ मुलग्यांपेक्षा किती जास्त, ते काढलं. मग झारखंडमध्ये किती, तेही काढलं आणि पहिल्यातून दुसरं वजा केलं. हा तिहेरी फरक. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलामुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत दिसली. सायकलीचाच परिणाम असेल, तर तो दिसायलाही तिथंच हवा.

आपल्याकडे तारखा नीट लावाव्या लागतात. महाराष्ट्र एसटीत महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून, कर्नाटकात शक्ती योजना ११ जून २०२३ पासून. म्हणजे बसबाबत आपली तुलना फुकट आणि अर्ध्या तिकिटाची होते, पूर्ण तिकिटाची नव्हे. पैशांचं तसं नाही. गृहलक्ष्मी ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली आणि लाडक्या बहिणीचे पंधराशे खात्यावर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. जवळजवळ वर्षभर रक्कम एकाच बाजूला येत होती. केंद्राची घरगुती खर्चाची पाहणी ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ आणि ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं झाली, म्हणजे बरोबर आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष! पण दुसऱ्या पाहणीतली २,६१,९५३ घरं अख्ख्या देशातली. तालुक्याच्या वाट्याला त्यांतली फार थोडी येतात. शिवाय कर्नाटकच्याच अन्नभाग्य योजनेत तांदळाऐवजी दिलेले माणशी १७० रुपये आणि दोनशे युनिटपर्यंतची मोफत वीज त्याच सुमारास सुरू झाली. त्यामुळे गृहलक्ष्मीचा परिणाम यातून एकटा वेगळा काढता येत नाही, सगळ्या योजनांचा मिळूनच मिळतो.

योजना आल्यावर तिच्या आधीची स्थिती मोजता येत नाही. म्हणून पुढची घोषणा व्हायच्या आतच कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची जोडीची गावं निवडून, एकाच महिन्यात, मराठीत आणि कन्नडमध्ये तेच प्रश्न विचारावेत. गेल्या सात दिवसांत किती दिवस मजुरीला गेलात, कोणत्या गावाला, कशानं गेलात आणि त्यातले पैसे कोणाच्या हातात राहिले?