तासाला दहा मिनिटं मागे पडणारं युनिक्स

युनिक्स या संगणक-प्रणालीची १९७५ सालची सहावी आवृत्ती पीडीपी-११/४० या मिनीकंप्यूटरवर नाशिकच्या विजेवर सुरू केली, की पहिल्याच तासात एक गोष्ट खटकते. सकाळी दहाला घड्याळ लावून दिलं, भिंतीवर अकरा वाजले, आणि ‘डेट’ ही आज्ञा मात्र दहा पन्नास दाखवते. बिघाड काही नसतो. यंत्र मेनच्या विजेची आवर्तनं मोजतं आणि साठ आवर्तनं झाली की एक सेकंद धरतं. अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनं येतात, आपल्याकडे ५०.

मोजणारं कार्ड म्हणजे केडब्ल्यू११-एल. विजेच्या प्रत्येक आवर्तनाला ते प्रोसेसरला एकदा टोकतं, बस. सुरू होताना कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, ते अष्टमान पद्धतीतल्या ७७७५४६ या पत्त्यावर शोधतो. तिथे नसलं तर ७७२५४० वर केडब्ल्यू११-पी आहे का पाहतो, आणि तेही नसलं तर ‘नो क्लॉक’ म्हणून जागीच बसतो. गंमत म्हणजे या दुसऱ्या कार्डावर स्वतःचा स्फटिक असतो. पण कर्नल दोन्ही कार्डांत ०११५ हाच आकडा लिहितो, आणि त्यातले दोन बिट ‘मेनचाच ठोका घे’ असं सांगतात. म्हणजे महागडं कार्ड लावूनही घड्याळ मागेच.

खऱ्या यंत्राच्या नादी लागण्याआधी हा उद्योग लॅपटॉपवर करून पाहावा. जुन्या युनिक्सचा सोर्स जानेवारी २००२ पासून खुल्या परवान्यात आहे, आणि सिमएच हा एम्युलेटर पीडीपी-११ ची हुबेहूब नक्कल करतो. ‘सेट सीपीयू ११/४०’, मग ‘सेट टीटीओ ७बी’ (हे विसरलात तर पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडण्यासाठी जोडलेला, आठवा बिट पडद्यावर कचरा करतो), मग आरके० या डिस्क-ड्राइव्हला डिस्कची फाइल जोडून ‘बूट आरके०’. सिमएचचं घड्याळ मुळात ६० चं असतं. नाशिकचा अनुभव घ्यायचा तर बूट करण्याआधी ‘सेट सीएलके ५०हर्ट्झ’. बूट केलं की पडद्यावर नुसतं @ येतं. तिथे कर्नलच्या फाइलचं नाव टाकायचं.

आत गेल्यावर बोटांच्या सवयी आडव्या येतात. बॅकस्पेस चालत नाही. # टाइप केलं की मागचं अक्षर खोडलं जातं, @ टाइप केलं की सगळी ओळ. चालू प्रोग्रॅम थांबवायला डिलीट. ‘सीडी’ नाही, ‘सीएचडीर’ आहे. कॅप्स लॉक चालू ठेवून लॉगिन केलंत तर यंत्र समजतं की समोरच्या टेलीटाइपला (कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलला) लहान अक्षरंच नाहीत, आणि मग सगळं मोठ्या अक्षरांत ओरडतं.

आता दुरुस्ती. /यूएसआर/सिस मधली ‘पॅरम.एच’ ही फाइल ‘ईडी’ या संपादकात उघडायची. /एचझेड/ टाकलं की ती ओळ येते, मग एस/६०/५०/पी टाकून साठाचा पन्नास करायचा, मग डब्ल्यू, क्यू. ‘ईडी’ चुकीला नुसतं प्रश्नचिन्ह दाखवतो, कारण सांगत नाही. नंतर ‘केन’ फोल्डरमधली ‘क्लॉक.सी’ पुन्हा कंपाइल करून तिची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार झालेली) ‘लिब१’ या संग्रहात बदलायची आणि ‘कॉन्फ’मध्ये येऊन कर्नल पुन्हा जोडायचा. जोडताना ‘एल.ओ’ सर्वांत आधी हवी. तिच्यात इंटरप्टचे, म्हणजे प्रोसेसरला टोकलं की कुठे जायचं याचे, पत्ते असतात आणि ते मेमरीच्या तळाशी, शून्यापासूनच बसावे लागतात. क्रम चुकला तर कर्नल तयार होतो, पण पहिल्याच टोकण्याला भरकटतो. नवा कर्नल वेगळ्या नावाने ठेवावा. तो नाही चालला तर @ ला जुनं नाव देऊन परत येता येतं.

एवढं करूनही ‘टाइम’ ही आज्ञा खोटंच बोलते. प्रोग्रॅमने प्रोसेसरचा किती वेळ घेतला हे कर्नल ठोक्यांत सांगतो आणि ‘टाइम’ ते साठांश सेकंद समजतो, त्यामुळे साठ सेकंदांचं काम पन्नासचं दिसतं. तिथेही साठाचा पन्नास करावा लागतो.

आता लोखंडी यंत्र. ‘स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं’ हा सर्रास गैरसमज. सातपूर-अंबडकडे २३० चे ११५ करून देणारा ट्रान्सफॉर्मर सहज गुंडाळून मिळेल, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तनं नाही. उलट फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या गाभ्यात ५० हर्ट्झवर चुंबकीय प्रवाह वीस टक्के वाढतो. तो गुणगुणतो आणि तापतो. म्हणून आधी त्याच्यावरची पाटी वाचावी.

घड्याळ निदान सॉफ्टवेअरने सुधारतं. टेलीटाइपचं तसं नाही. एएसआर-३३ या टेलीटाइपची मोटर मेनच्या तालावर फिरते, म्हणून ११० बॉडचं (सेकंदाला ११० बिटांचं) यंत्र ९२ वर येतं. प्रत्येक बिट सहाव्या भागाने चुकतो, आठव्या बिटापर्यंत चूक एका अख्ख्या बिटापुढे जाते आणि कागदावर नुसती गिचमीड उमटते. ५० हर्ट्झचे गिअर बसवण्याला पर्याय नाही. आरके०५ डिस्कचंही तेच: मिनिटाला १५०० फेऱ्यांऐवजी १२५० होतात, शिवाय वाचणारं-लिहिणारं हेड ज्या हवेच्या उशीवर तरंगतं ती पातळ होते. तिथे पुली आणि पट्टा दोन्ही ५० चे हवेत.

वीजपुरवठा कार्डं काढून तपासायचा. एच७४४ रेग्युलेटर ५ व्होल्टला २५ अँपिअरपर्यंत देतो. त्याला १ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर जोडून अर्धा तास मीटर पाहात बसावं. वर्षानुवर्षं पडून असलेले मोठे कपॅसिटर त्याआधी बाहेर काढून, रेझिस्टरमधून सावकाश चार्ज करून जागे करावेत.

आरके०५ उघडली की आधी निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या बघा. वीज गेली की हेड मागे ओढायचं काम त्यांचं, आणि गळल्या असतील तर आजूबाजूचं तांबं हिरवं झालेलं दिसतं. जुना फोम बोट लावताच भुगा होतो. त्याचा कण हेडखाली गेला की प्लॅटर, म्हणजे डिस्कची चकती, खरवडलीच. पावसाळ्यात डिस्कचा पॅक कोरड्या खोलीत निदान रात्रभर ठेवल्याशिवाय फिरवू नये.

चालू असताना वीज गेलीच, तर डिस्क बचावते पण फाइलव्यवस्था विस्कटते. सहाव्या आवृत्तीत ती तपासून दुरुस्त करणारी नंतरची ‘एफएससीके’ ही आज्ञा नाही. परत आल्यावर आधी ‘आयचेक’, मग ‘डीचेक’. मोकळ्या ब्लॉकांची यादी बिघडली असेल तर ‘आयचेक -एस’ ती नव्याने लिहितो. एरवी यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ देणं, म्हणजे मेमरीतलं डिस्कवर उतरवणं, हा नियम, पण युनिक्स ज्यावरून चालतं त्या मूळ (रूट) डिस्कवर ही दुरुस्ती केली की ‘सिंक’ न देता तसंच थांबवून पुन्हा सुरू करायचं. कर्नलच्या मेमरीत जुनी, बिघडलेली यादी अजून असते, आणि ‘सिंक’ दिला की तीच नव्या यादीवर लिहिली जाते.