डार्कथ्रोन : ब्लॅक मेटलकडून जुन्या हेवी मेटलकडे

डार्कथ्रोन हा नॉर्वेतील ओस्लोजवळच्या कोल्बोटन गावचा मेटल, म्हणजे जड, कर्कश गिटारच्या रॉक संगीताचा, बँड. १९८६ मध्ये ‘ब्लॅक डेथ’ या नावाने तो सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने आजचे नाव घेतले. १९९१ चा पहिला अल्बम डेथ मेटलचा, म्हणजे घोगऱ्या, गुरगुरत्या गायनाच्या जड मेटलचा, होता. बँडची कीर्ती मात्र १९९२ ते १९९४ मधल्या तीन ब्लॅक मेटल (खरखरीत ध्वनीचे, काळोख्या वातावरणाचे मेटल) अल्बमांवर उभी आहे. १९९३ पासून बँडमध्ये दोघेच आहेत: ड्रमर फेनरिझ आणि गिटारवादक-गायक नॉक्टुर्नो कुल्टो.

त्या तीन अल्बमांतला शेवटचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या, साध्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. त्यात गिटारच्या तारा अखंड, वेगाने छेडल्या जातात आणि एकच सुरावट घुमत राहते. खाली ड्रमचा ठेका मिनिटामागून मिनिटे जवळपास बदलतच नाही. सोबत गुणगुणावे असे ध्रुवपद नाही. ऐकणाऱ्याला गारठवून टाकणे हाच हेतू.

२००६ च्या ‘द कल्ट इज अलाइव्ह’मध्ये हे चित्र पालटले. बँडने स्वतःची ध्वनिमुद्रण सामग्री घेतली होती. ‘टू ओल्ड, टू कोल्ड’सारख्या गाण्यात रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) आखूड, ठसठशीत आणि एकदा ऐकून लक्षात राहणारी आहे, ठेका डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडच्या वळणाचा, धाव मोटरहेड या ब्रिटिश रॉक बँडची. हा अल्बम नॉर्वेच्या विक्री-यादीतही आला. ‘एफ.ओ.ए.डी.’ (२००७) मधले ‘कॅनेडियन मेटल’ हे गाणे तर कॅनडातल्या जुन्या बँडांना उघड मानवंदना आहे. ‘सर्कल द वॅगन्स’ (२०१०) मध्ये फेनरिझ खुल्या आवाजात गातो आणि ‘द अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ (२०१३) च्या तेरा मिनिटांहून लांब अखेरच्या गाण्यात थेट ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटल गायकांसारखा तारस्वर लावतो. दोघे आपापली गाणी स्वतंत्रपणे रचतात, त्यामुळे याच अल्बमांत नॉक्टुर्नो कुल्टोची गाणी अधिक काळोखी वाटतात. हा दुपेडीपणा या काळाची खरी गोडी आहे.

काही जुन्या चाहत्यांना ही ब्लॅक मेटलपासून फारकत वाटली. ती तशी नाही. ब्लॅक मेटल उगवले तेच व्हेनम, बाथरी, सेल्टिक फ्रॉस्ट या ऐंशीच्या दशकातल्या मेटल बँडांच्या मुळांतून, आणि सेल्टिक फ्रॉस्टची जड चाल डार्कथ्रोनच्या ‘पान्झरफाउस्ट’ या अल्बमवर १९९५ मध्येच स्पष्ट ऐकू येते. शिवाय गाणी सुरेल झाली तरी ध्वनीचा खडबडीतपणा त्यांनी घासूनपुसून घालवला नाही.

‘आर्क्टिक थंडर’ (२०१६) पासून गायन पुन्हा नॉक्टुर्नो कुल्टोकडे आले आणि पंकचा वेग ओसरला. ‘ओल्ड स्टार’ (२०१९) व ‘इटर्नल हेल्स’ (२०२१) मध्ये कँडलमाससारख्या डूम मेटल बँडांचा संथ, भारदस्त प्रभाव जाणवतो.