खुब्याची झीज वेगळी आणि एव्हीएन वेगळं, प्लीज

"ताई, खुबा झिजलाय म्हणे, एव्हीएन का काय ते." फिजिओच्या टेबलावर बसता बसता लोक हे वाक्य इतक्या वेळा बोलतात की मी आता आधी वय विचारते. वय निघतं 34. अरे बाबा, 34 व्या वर्षी काय झिजणार! पण फाईलवर कोणीतरी "झीज" असं पेनाने लिहून दिलेलं असतं, आणि मग घरचे म्हणतात बाईक फार चालवतो ना, म्हणून झालं.

झीज काय असते ते तुम्हाला माहितीये. घरटी एक आजी असतेच जिचे गुडघे कुरकुरतात. हाडाच्या टोकावरची गादी वर्षानुवर्षं पातळ होत जाते, वय आणि वजन त्यात भर घालतात, झालं. खुब्यातही तेच, फक्त आपल्याकडे गुडघ्याच्या मानाने कमी दिसतं. पुढे चला.

एव्हीएन, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, यात मांडीच्या हाडाच्या वरच्या बॉलला रक्त मिळेनासं होतं आणि आतलं हाड मरतं. इथपर्यंत बरेच जण येतात. गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीत, ती म्हणजे सुरुवात कुठून होते. झीज गादीपासून सुरू होते आणि हाडापर्यंत नंतर पोचते. एव्हीएनमध्ये हाड आधी मरतं आणि वरची गादी मस्त गुळगुळीत असते, कारण गादीचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, तिला रक्तवाहिन्या लागतच नाहीत. म्हणजे खाली मेलेलं हाड आणि वर जिवंत गादी असा प्रकार काही महिने चालू राहतो. 2024 मध्ये पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक जमिनीत गेला होता आठवतंय? मिनिटभर आधी वरचे पेव्हर ब्लॉक जागच्या जागी होते, बघणाऱ्याला काही कळलं असतं का? तसंच हे.

आणि यातली अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, हाड मेलं म्हणजे लगेच मोडलं असं नसतं. मेलेलं हाडसुद्धा काही काळ वजन पेलतं. शरीर जेव्हा दुरुस्तीला लागतं, मेलेला भाग खाऊन काढायला लागतं आणि नवीन हाड तेवढ्या वेगाने बनत नाही, तेव्हा गादीच्या खालचा थर कमजोर होऊन तिथे बारीक तडा जातो. एक्स-रेवर तो चंद्रकोरीसारखा दिसतो. त्यानंतर बॉल चपटा व्हायला लागतो, आणि चपटा बॉल गोल वाटीत फिरला की गादी घासणारच. म्हणजे शेवटी झीज होतेच, पण ती परिणाम म्हणून. दोन्हीचे उशिराचे एक्स-रे म्हणूनच सारखे दिसतात आणि म्हणूनच हा सगळा घोळ.

याचा व्यवहारात अर्थ एवढाच की एक्स-रे "नॉर्मल" आला म्हणून सुटलात असं नाही. एक्स-रेला कॅल्शियम दिसतं, रक्त दिसत नाही, आणि मेलेल्या हाडातही कॅल्शियम तेवढंच असतं. सुरुवातीचं एव्हीएन एमआरआयमध्ये दिसतं. (आणि हो, म्हणूनच "कॅल्शियमच्या गोळ्या चालू केल्यात" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कॅल्शियम कमी पडलं म्हणून हे झालेलंच नाहीये!) बॉल चपटा व्हायच्या आत सापडलं तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायचा, म्हणजे कोअर डीकंप्रेशन करायचा, पर्याय तरी असतो. चपटा झाल्यावर बहुतेक वेळा गाडी रिप्लेसमेंटकडेच जाते.

माझ्याकडे एक जण आठ महिने कंबरेचे व्यायाम करून आला होता, सायटिका म्हणून. मी विचारलं दुखतं कुठे, त्याने अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेकडे असा हाताचा पंजा खुब्याभोवती धरून दाखवला. कंबरेचं दुखणं असलेला माणूस सहसा मागे कुल्ल्यावर हात ठेवतो, हा असा पंजा धरणारा दिसला की खुबा तपासायचाच. आडवं झोपवून गुडघा वाकवला आणि पाय आत फिरवायला गेले तर टेबलाची कडा धरून ओरडला. त्याच दिवशी एमआरआयसाठी पाठवला. काहींना तर बिघाड खुब्यात असूनही नुसता गुडघाच दुखतो आणि गुडघ्याचेच एक्स-रे निघत राहतात.

आता रक्त का थांबतं. अपघाताचं सोपं आहे, मांडीतून एक रक्तवाहिनी मागून वळसा घालून येते आणि तिच्या बारीक फांद्या हाडाच्या मानेला चिकटून बॉलमध्ये चढतात, मान मोडली किंवा खुबा निखळला की त्या तुटतात. निखळलेला खुबा सहा तासांच्या आत बसवा म्हणतात ते यासाठीच. फ्रॅक्चर छान जुळल्यावर वर्ष-दोन वर्षांनी परत दुखायला लागलं तर "स्क्रू टोचत असेल" म्हणून सोडून देऊ नका.

बिनाअपघाताच्या केसेसमध्ये दोन मोठे आरोपी, स्टेरॉइड आणि दारू. दोन्हीमुळे हाडाच्या आतली चरबी वाढते, बॉल म्हणजे कडक बंद डबा, आत दाब वाढला की बारीक नळ्या दबतात. दारूबद्दल वेगळं काय सांगायचं. स्टेरॉइडबद्दल मात्र कोविडनंतर इतकं काहीबाही पसरलंय की बोलायलाच हवं. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडनंतरच्या एव्हीएनच्या तीन केसेस छापल्या, तिघंही चाळिशीच्या आतले, हे खरं. पण ऑक्सिजनवर असलेल्या कोविडच्या माणसाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने जीव वाचतात हेही 2020 च्या मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरला शिव्या देऊ नका. आणि आज चालू असलेली स्टेरॉइडची गोळी वाचून घाबरून एकदम बंद तर अजिबात करू नका, ते जिवावर बेतू शकतं. दम्याच्या पंपाचा डोस फार कमी असतो, तो सोडायचा नाही. जिममधलं स्टेरॉइड हे वेगळं कुटुंब, त्याचे वेगळे उद्योग.

माझा खरा राग आहे तो गावाकडे सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीवर. दोन दिवसांत दुखणं गायब, म्हणून लोक वर्ष-वर्ष घेतात. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडलेलं आहे, आणि घेणारा शपथेवर सांगतो, मी स्टेरॉइड कधी घेतलंच नाही, फक्त जडीबुटी.

विदर्भातला किंवा नंदुरबारकडचा तरुण पेशंट असेल तर सिकलसेलची तपासणी झालीये का विचारा, या आनुवंशिक आजारात कोयत्याच्या आकाराच्या झालेल्या रक्तपेशी त्याच बारीक नळ्यांमध्ये अडकतात. ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), खोल पाण्यातले डायव्हर, हेही यादीत आहेत. आणि काही जणांमध्ये कारण सापडतच नाही, तेव्हा बाईकला दोष देऊन मोकळं होऊ नका.

एमआरआय करायचाच असेल तर दोन्ही खुब्यांचा करा, अपघाताशिवायच्या एव्हीएनमध्ये दुसरी बाजू न दुखताही बाधलेली निघते. आणि दाखवायला जाताना गेल्या दोन-तीन वर्षांची सगळी प्रिस्क्रिप्शनं घेऊन जा. पुडी घेत असाल तर उरलेली पुडी पण.