बाळंतिणीचा हळवेपणा आणि बाळंतिणीचे नैराश्य

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू घरातल्या प्रत्येक जाणत्या बाईने पाहिलेले असते. संप्रेरकांची पातळी एकदम खाली आलेली असते, टाके दुखत असतात, झोप मोडलेली असते आणि कुणी नुसते "जेवलीस का?" असे विचारले तरी डोळे भरून येतात. डॉक्टर याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना ते होते आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. विश्रांती, गरम जेवण आणि मायेचे माणूस एवढे त्याला पुरते.

खरा घोटाळा होतो तो पुढे. हेच रडणे लांबले की त्याला नैराश्य म्हणायचे, असा समज घराघरांत इतका घट्ट बसला आहे की सगळे जण रडण्यावरच नजर ठेवतात आणि ते थांबले की निर्धास्त होतात. मला या समजाची मनापासून चीड आहे, कारण नैराश्य आलेल्या कित्येक बाळंतिणी रडतच नाहीत. हळवेपणात भावना उतू जातात, तर नैराश्यात त्या आटत जातात, आणि आटलेले बाहेरून शांत दिसते.

माझी मावसबहीण पाचवीच्या पूजेच्या वेळी ओक्साबोक्शी रडली तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो. पण थोड्याच वेळात ती बाळाची मूठ हळूच उघडून त्याची बोटे बघत हसत होती. सातव्या आठवड्यात मी पुन्हा भेटायला गेले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. बाळाचे पाजणे, लंगोट, लशीची तारीख सगळे वेळच्या वेळी चालले होते. अळिवाची खीर मात्र वाटीत साय धरून तशीच पडली होती. बाळ गाढ झोपले होते, तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, तरीही ती डोळे उघडे ठेवून पडली होती आणि दर थोड्या वेळाने बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, हे पाहत होती. "आता कशी शांत झाली आहे," असे सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून "रडतेस का?" यापेक्षा मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: बाळ झोपलेले असताना, त्याच्यापाशी दुसरे कुणी असताना, तुला झोप लागते का? त्याच्या जोडीला भूक, चिडचिड, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागणे आणि "या बाळाला दुसरी आई मिळाली असती तर बरे झाले असते" यांसारखे विचार, यांचीही चौकशी करावी. बाळंतिणीचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न आहेत. त्यांतला रडण्याविषयीचा प्रश्न एकच आहे. पहिले दोन हसू येते का आणि पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, याविषयी आहेत, तर शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे.

काळाचा फरकही आहे, पण तो समजायला सोपा आहे: दोन आठवड्यांनंतरही मन उभारी धरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. नैराश्याची सुरुवात गरोदरपणातही होऊ शकते किंवा बाळ काही महिन्यांचे झाल्यावरही. भास होणे, विलक्षण संशय येणे, झोपेविना कमालीची अस्वस्थता, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार यांपैकी काहीही दिसले तर बाळंतिणीला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

"आमच्या वेळी असले काही नव्हते" हे वाक्य तर कुणी बाळंतिणीसमोर उच्चारूच नये. गोव्यातल्या मातांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची घरातली नाराजी यांच्याशी त्याचा संबंध दिसला. हे सारे तिच्या भोवतीचे आहे, आणि तरीही दोष तिच्या मनाच्या कमकुवतपणाला दिला जातो.

मदतीची सुरुवात प्रसूती केलेल्या डॉक्टरांपासून किंवा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येणाऱ्या आशाताईंपासून करता येते. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. डॉक्टर रक्तक्षय आणि थायरॉइडही तपासतात, कारण त्यांमुळेही असाच थकवा येतो. समुपदेशनाने पुष्कळ जणींना बरे वाटते. औषध लागलेच तर अंगावर पाजत असताना घेता येण्याजोगी औषधे आहेत, त्यामुळे "दूध तोडावे लागेल" या भीतीने घरी बसू नये. बाळ आपल्यापासून तोडतील, ही भीतीही अनेकींना बोलू देत नाही. त्यांनी हे जाणून घ्यावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांसाठी दाखल झालेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही.