इंग्रजी व्होकॅबच्या ट्रिक्स आणि २०११ चा निर्णय : थोडी पार्श्वभूमी

नागपुरात धंतोलीतल्या नाही तर नंदनवनातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, दोन-चार पोट्टे तरी वहीत इंग्रजी शब्दासमोर भलताच मराठी किंवा हिंदी शब्द लिहून पाठ करताना दिसतील. गॅर्युलस म्हणजे बडबड्या, समोर लिहिलेलं असतं गारुडी, कारण गारुडी भर चौकात खेळ मांडून बसला की त्याच्या तोंडाला खळ नसतो. हे कुठून आलं, २०११ मध्ये जीआरईने (अमेरिकेत पुढच्या शिक्षणाला जायची प्रवेश परीक्षा) सुटे शब्द विचारणं बंद केलं तेव्हा काय झालं, आणि आता याच्याबद्दल एवढी भांडणं काऊन होऊन राहिली आहेत, ते थोडं मागे जाऊन सांगतो.

लक्षात ठेवायला जोड लावायची ही सवय आपल्याला नवीन नाहीच. तानापिहिनिपाजा, कंचेभागुबेव, वृत्तांच्या गणांसाठी यमाताराजभानसलगा, हे सगळं शाळेतच झालेलं आहे. तिकडे युरोपातही इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात घराच्या खोल्यांमध्ये एकेक गोष्ट मनाने ठेवत जायची आणि भाषण करताना त्याच वाटेने परत फिरायचं, ही रीत लिहून ठेवली आहे. पण परक्या भाषेचा शब्द आपल्या भाषेतल्या सारख्या आवाजाच्या शब्दाला बांधायचा आणि मग दोघांचं मिळून एक चित्र डोळ्यासमोर आणायचं, याला नीट शास्त्राचं रूप १९७५ मध्ये अमेरिकेत मिळालं. कॉलेजच्या मुलांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले, अर्ध्यांना या पद्धतीने आणि अर्ध्यांना त्यांच्या मर्जीने. चौथ्या दिवशी पहिल्या गटाला ७२ टक्के आठवले, दुसऱ्याला ४६. सहा आठवड्यांनी न सांगता परत टेस्ट घेतली तर ४३ आणि २८. फरक टिकला, पण दोन्हीकडे गळती झालीच, आणि हा दुसरा आकडा क्लासवाले कधी सांगत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं परीक्षांमुळे आलं. मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पहिलीपासून झालं ते २००० सालापासून. म्हणजे ज्या पिढीने २००५ ते २०१० मध्ये जीआरई किंवा एमबीएच्या परीक्षा दिल्या ती सगळी पाचवीवालीच, आणि तिच्यासमोर एका जाडजूड अमेरिकन पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी टाकलेली. मी त्याच पिढीतला. बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत हे पुस्तक मिळायचं, आधीच्या मालकाने पेन्सिलने अर्थ लिहिलेलं, आणि आम्ही दहा जणांत त्याच्या झेरॉक्स काढायचो. रोज पन्नास शब्द, रविवारी उजळणी. 'सी' अक्षरापर्यंत पोचेस्तोवर 'ए' पुसून गेलेला असायचा. ट्रिक्स सुरू झाल्या त्या या गळतीवर उपाय म्हणून.

पण तयार ट्रिक्स सगळ्या हिंदीत यायच्या. नागपुरात त्याचं कोणाला नवल वाटलं नाही, हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा इथे एकाच गल्लीत चालतात. तरी काटोल, उमरेड, रामटेककडून खोली करून राहायला आलेल्या मुलांचं वेगळं होतं. त्यांना हिंदी समजायची पण हिंदी शब्दाने चित्र उभं राहायचं नाही, आणि चित्र नाही तर ट्रिक नाही. आमच्या बॅचला काटोलकडचा एक मुलगा होता, तो सगळ्या जोड्या घरच्या बोलीतच लावायचा. गलिबल म्हणजे कोणीही फसवावं असा भोळा माणूस, त्याने लिहिलं गळ. गळाला लागणारा. खाली पेनाने मासा काढला होता, तोंड उघडं असलेला. मेंडेशस म्हणजे खोटारडा, त्याच्यासमोर मेंढ्या, आणि मेंढ्यांजवळ उभा राहून लांडगा आला रे आला ओरडणारा पोरगा. मी ती वही दोन रात्रींसाठी मागून आणली होती आणि त्यातले शब्द मला आजही अर्ध्या सेकंदात आठवतात, छापील यादीतले बहुतेक गेले. चित्र स्वतःच्या भाषेतून आलं की पकडतं, हे मी तेव्हापासून मानतो.

आता 'ट्रिक' या शब्दाचा जो गुंता आहे तो सोडवावा लागेल, कारण या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली ही वरची, आवाजाची जोड. गारुडीचा आणि गॅर्युलसचा काहीएक संबंध नाही, आवाज जुळतो तेवढंच. कॅकोफनी म्हणजे कर्कश गोंगाट, त्याला काक म्हणजे कावळा जोडतात, तोही योगायोगच, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता वाईट असा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शब्दाची खरी कहाणी. लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा, हा शब्द ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतावरून आला, जिथे स्पार्टा होतं. मॅसिडोनियाच्या राजाने लांबलचक धमकी पाठवली की जर मी तुमच्या मुलखात शिरलो तर असं करीन आणि तसं करीन, आणि तिकडून एका शब्दाचं उत्तर गेलं, 'जर', अशी गोष्ट सांगतात. तिसरी आपल्यासाठी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी शिकवलेली, ती म्हणजे खरं नातं. नोव्हिस म्हणजे नवशिका, त्यातला नोव्ह आणि आपला नव एकाच मुळाचे. इग्नियस आणि अग्नी, पेडेस्ट्रियन आणि पद, डेंटल आणि दंत, फ्रॅटर्नल आणि भ्रातृ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे कलकत्त्यातल्या एका इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये भाषणात मांडलं होतं, आणि मराठी मुलाला हा आयता साठा घरातच मिळतो पण कोणी त्याला तसं सांगत नाही. तिन्ही एकाच वहीत 'ट्रिक' म्हणून लिहिल्या की मुलगा योगायोगालाच व्युत्पत्ती समजतो आणि नवीन शब्द दिसला की आवाजावरून अंदाज ठोकतो. एनर्व्हेट बघून एनर्जी आठवते, म्हणून ताकद देणं असा अर्थ धरला जातो, आणि खरा अर्थ बरोब्बर उलटा, गळाठून टाकणं. माझा सराव परीक्षेत हाच शब्द चुकला होता.

आणि मग आला ऑगस्ट २०११. जीआरईमधून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांमधली नाती हे दोन्ही प्रकार काढून टाकले, त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतूनही (एसएटी) शब्दांची नाती गेलीच होती. जुन्या पेपरात मोठ्या अक्षरात एकच शब्द यायचा, खाली पाच पर्याय, आजूबाजूला वाक्य नाही. आता गाळलेल्या जागा आल्या, एका उताऱ्यात तीनपर्यंत, आणि तिन्ही बरोबर असतील तरच मार्क. शिवाय सहा पर्यायांतून दोन असे निवडायचे की वाक्याचा अर्थ सारखाच राहील. कारण असं दिलं गेलं की संदर्भ सोडून शब्द पाठ करणं म्हणजे भाषा येणं नाही.

हे कारण मला पटतं आणि तरी निर्णय एकतर्फी वाटतो. यादी पाठ करून कोणी इंग्रजी वाचायला शिकत नाही हे खरंच. पण यादी सगळ्यांसाठी सारखी होती. कॉन्व्हेंटमधली मुलगी आणि उमरेडच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला मुलगा दोघांनाही तेच साडेतीन हजार शब्द, आणि सहा महिने पहाटे उठून ते पाठ करणं त्या मुलाच्या हातात होतं. वाक्याचा सूर ओळखणं, 'जरी' आणि 'उलट' कुठे वळण घेतात ते कळणं, याला लहानपणापासून घरात इंग्रजी पेपर, पुस्तकं लागतात, ते सहा महिन्यांत भरून निघत नाही. निर्णय घेणाऱ्यांसमोर हा मुलगा नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की जुन्या पद्धतीत तो पास व्हायचा आणि तिकडे गेल्यावर पहिल्या सेमिस्टरलाच वाचनात बुडायचा, आणि तेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे त्यांना मी खोटं म्हणणार नाही.

त्यानंतर असं वाटलं होतं की ट्रिक्स संपतील. झालं वेगळंच. केंद्र सरकारच्या पदवीधर भरतीच्या (एसएससी सीजीएल) पहिल्या पेपरात ६० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले २५ इंग्रजीचे, आणि तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, अनेक शब्दांसाठी एक शब्द हे अजूनही सरळ विचारतात. गर्दी तिकडे वळली आणि ट्रिक्स सोबत गेल्या. २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला तेव्हा तर वहीतली गोष्ट व्हिडिओत आली, एका तासात शंभर शब्द वगैरे. इथे एक नुकसान झालं असं मला वाटतं. आधी ट्रिक स्वतः शोधावी लागायची, त्या शोधण्यातच अर्धा शब्द पाठ व्हायचा, आता चित्र दुसऱ्याच्या डोक्यातलं आणि भाषाही दुसऱ्याची. त्याच काळात ठराविक दिवसांनी शब्द परत समोर आणणारी ॲप्सही आली, ती १९७० च्या दशकातल्या जर्मन कार्डांच्या पेटीचंच पुढचं रूप आहेत, आलेला शब्द मागच्या कप्प्यात आणि चुकलेला परत पहिल्यात. सहा आठवड्यांनी जी गळती दिसली होती तिच्यावर खरा इलाज हा आहे, पण पोट्ट्यांना कंटाळवाणा वाटतो म्हणून मागे पडतो.

२०२३ मध्ये जीआरई अजून छोटी झाली, पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत, इंग्रजीचे प्रश्न २७ वर आले. जे मोजके लोक अजून ती देतात त्यांच्या वहीत आता दोनाऐवजी तीन रकाने दिसतात. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात गळ किंवा गारुडी, आणि तिसऱ्यात इंग्रजी पेपरातून उतरवून घेतलेलं एक आख्खं वाक्य, तारखेसकट.