काळी खिडकी तीच, पण ऐकतंय कोण? टर्मिनल आणि पायथनचा प्रॉम्प्ट

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या कार्यशाळेत पहिला तास इन्स्टॉलेशनचा असतो, आणि माझ्या अनुभवात त्या तासाला बरेचसे हात एकाच तक्रारीसाठी वर होतात. पायथनची जादा पॅकेजेस बसवणारी ‘पिप इन्स्टॉल’ची ओळ अक्षर न अक्षर जुळवून लिहिली, तरी सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक. मदतनीस स्पेलिंग बघतो, इंटरनेट बघतो, फारच वैतागला तर पायथन काढून पुन्हा टाकायला लावतो. ओळ बरोबरच असते. लिहिण्याची जागा चुकलेली असते.

विंडोजवर ही चूक होणं अगदी साहजिक आहे. इन्स्टॉल झाल्यावर माणूस स्टार्ट मेन्यूत पायथन शोधतो, क्लिक करतो आणि काळी खिडकी उघडते. कमांड प्रॉम्प्ट उघडला तरी काळीच खिडकी. एकीत पायथन कान देऊन बसलेला असतो, दुसरीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, शेल.

शेलशी बोलणं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला काम सांगणं. ओळीतला पहिला शब्द ही एकतर आपली स्वतःची आज्ञा आहे किंवा एखाद्या प्रोग्रामचं नाव, असं शेल धरून चालतं आणि तो प्रोग्राम ठरलेल्या फोल्डरांमध्ये शोधतं. या फोल्डरांच्या यादीला पाथ म्हणतात. पिप हा असाच एक प्रोग्राम, म्हणून त्याची ओळ शेलमध्ये लिहायची. पायथनचा प्रॉम्प्ट (पायथनची ओळ लिहायची जागा) प्रोग्राम शोधायला जात नाही. समोरची ओळ पायथनच्या व्याकरणात बसते का, हे आधी बघतो. ‘पिप’ आणि ‘इन्स्टॉल’ ही दोन नावं मधे कुठलंही चिन्ह नसताना शेजारी आली, की व्याकरण तिथेच मोडतं.

याहून गमतीशीर प्रकार आवृत्ती तपासताना होतो. ‘पायथन’ लिहून पुढे दोन आडव्या रेघा आणि ‘व्हर्जन’, ही खरं तर शेलची आज्ञा. पायथनच्या प्रॉम्प्टवर ती दिली, तर तो त्या रेघांना उणे चिन्हं समजतो! व्याकरण बरोबर ठरतं, पण वजाबाकी करायला गेल्यावर ‘पायथन’ नावाचं काहीच सापडत नाही आणि नेम एरर येतो. शिकणाऱ्याला वाटतं, इन्स्टॉलच झालं नाही. पण हा एरर देणारा पायथनच असतो ना!

उलट दिशेनेही लोक चुकतात. पडद्यावर मजकूर दाखवणारी पायथनची ‘प्रिंट’ची ओळ शेलला दिली की बॅश नावाचं शेल कंसापाशी अडतं. विंडोजमध्ये तर प्रिंट नावाची जुनी आज्ञा खरोखरच आहे, पण ती कागदावर छापण्यासाठी, त्यामुळे प्रिंटरबद्दलचा भलताच संदेश समोर येतो. ‘२+२ करून बघा’ ही चाचणीही मी आता सांगत नाही, कारण पॉवरशेल हे विंडोजचं शेलसुद्धा ४ असंच उत्तर देतं.

मग ओळखायचं कसं? शेवटच्या ओळीच्या डाव्या कडेला बघायचं. >>> दिसलं तर पायथन. फोल्डरचा पत्ता आणि त्यापुढे एकच > असेल तर विंडोजचं शेल. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नेहमीचं शेल झेडएसएच आहे, तिथे % दिसतं, बॅशमध्ये $. तीन टिंबं आली तर पायथन अपुरी ओळ पूर्ण होण्याची वाट बघतोय, बहुधा कंस मिटायचा राहिलाय. कंट्रोल-सी दाबून सुटका होते.

पायथनमधून शेलमध्ये परतायला ‘एक्झिट’ आणि पुढे रिकामा कंस. ३.१३ आवृत्तीपासून कंसाशिवायही चालतं.

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये चौकटी-चौकटीत पायथन चालवायचं साधन, वापरून आलेल्यांची गोष्ट वेगळी. ज्युपिटरच्या चौकटीत पिपची ओळ चालते, कारण पायथनपर्यंत जाण्याआधीच ती वेगळी काढली जाते. त्यामुळे ही मंडळी पार नवख्यांपेक्षा जास्त गोंधळतात, असं मी पाहिलंय.

माहितीपत्रकात आज्ञेच्या आधी $ किंवा >>> छापणं मी सोडलंय. नवखे तेही टाइप करतात, आणि त्यांचं काय चुकलं? त्याऐवजी प्रत्येक ओळीच्या वर ‘टर्मिनलमध्ये’ किंवा ‘पायथनमध्ये’ असं सरळ शब्दांत लिहितो.

जागा बरोबर असूनही शेलला पायथन सापडत नसेल, किंवा विंडोजवर ‘पायथन’ लिहिताच मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर मात्र इन्स्टॉलेशनकडे वळायचं. पायथनच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या विंडोज इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर तळाशी पाथमध्ये भर घालण्याचा चौकोन असतो, आणि तो आपोआप टिचकलेला नसतो. तो राहून गेला असेल तर आधी ‘पाय’ (py) ही आखूड आज्ञा देऊन बघावी. बऱ्याचदा तेवढ्यावर काम निघतं. पाथ दुरुस्त केलाच, तर टर्मिनल बंद करून नवं उघडायला सांगा. आधीच उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते.